एकोणसाठ दिवस कमी

केंद्रात तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. केंद्राची गाडी चालवणारा माणूस वेगळाच होता, आणि या नावामुळे तो बिचारा सुरुवातीचे कितीतरी दिवस आपली नोकरी गेली की काय या धास्तीत होता. पण नाव जुनं होतं. सैन्यात तिनं अठरा वर्षं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली. मग एकदा पुलाचा कठडा तोडून गाडी खाली गेली. मागचा जखमी वाचला, ड्रायव्हरच्या पाठीचे दोन मणके चेपले. दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. चार वर्षांत त्या गोळ्यांनी तिचं घर, नवरा, गाडी चालवायचा परवाना असं सगळं एकामागून एक खाऊन टाकलं, आणि शेवटी थोरल्या बहिणीनं, अक्कानं, दंड धरून तिला या दारात आणून उभं केलं. त्याला नऊ वर्षं झाली.

केंद्र माजी सैनिकांसाठी होतं. दारू, गोळ्या, जे काही मानगुटीवर बसलं असेल ते सोडायला माणसं इथे येत. ड्रायव्हरबाई पेशंट म्हणून आली, बरी झाल्यावर मदतनीस म्हणून राहिली, आणि गेली आठ वर्षं सकाळचा गट तीच घेत होती. कागदावर ती मदतनीसच होती. कागदाचं काय, कागदावर हॉलचं छतही गळत नव्हतं.

सकाळी सातला मागच्या हॉलमध्ये हजेरी व्हायची. खुर्च्या चारी भिंतींना टेकवलेल्या, मधली जागा मोकळी. गोल करून बसायची पद्धत इथे नव्हती. गोल केला की निम्म्या माणसांची पाठ दाराकडे होते, आणि दाराकडे पाठ करून बसलेला सैनिक हवापाण्याच्या गप्पा मारेल, खरं बोलणार नाही. हे ड्रायव्हरबाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला स्वतःलाच तसं बसवत नसे.

हजेरी म्हणजे आकडा. शेवटचं घेतल्याला किती दिवस झाले ते एकेकानं उठून मोठ्यानं सांगायचं आणि बसायचं.

"चौऱ्याण्णव!" आचारी ओरडायचा. पंचवीस वर्षं त्यानं पलटणीच्या भटारखान्यात काढली होती, हळू बोलणं त्याला माहीतच नव्हतं. "आणि चहाला आज पण चव नाही!"

"तुम्ही दारू सोडायला आलात की चहा?" ड्रायव्हरबाई विचारायची, आणि पुढचा उठायचा.

सगळ्यात शेवटी ती स्वतः उठून आपला आकडा सांगायची. नियम एकच होता. आकडा ज्याचा त्यानं सांगायचा. दुसऱ्यानं त्यात दिवस घालायचा नाही, काढायचा नाही, तपासायचाही नाही. आणि मोडलं, तर दुसऱ्या सकाळी उभं राहून "शून्य" म्हणायचं. शून्य म्हणणाऱ्याला कुणी हसत नसे, कुणी शाबासकीही देत नसे. पुढचा उठत असे.

पाच वर्षांपूर्वी, म्हणजे पाचाला थोडे दिवस कमीच, एका सकाळी ड्रायव्हरबाई उठली आणि म्हणाली, "शून्य."

आदल्या दिवशी तिनं दाढ काढून घेतली होती. दंतवैद्यानं सहा गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, तीन दिवस. आपली जुनी हकिकत तिनं त्याला सांगितली नव्हती. त्यानं विचारलं नाही म्हणून सांगितली नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. मग दवाखान्याच्या मागच्या सायकलस्टँडवर बसून तिनं सहाच्या सहा गोळ्या घेतल्या आणि उन्हात भिंतीला टेकून तीन तास बसून राहिली. त्यातला फार तर अर्धा तास दाढ दुखत होती. चार वर्षं दोन महिन्यांचा आकडा एका दुपारी गेला. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी औषधाच्या कपाटाची किल्ली सहा महिने तिच्याकडून काढून घेतली, ते बरोबरच केलं. ती पुन्हा एकपासून मोजायला लागली.

मग परिपत्रक आलं. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. यापुढे सैनिकांच्या व्यसनमुक्ती केंद्रात गट घ्यायचा तर थेरपिस्टचा परवाना हवा, आणि परवान्याला मानसशास्त्राची पदवी हवी. सहा वर्षांहून जास्त काम केलेल्या जुन्या माणसांना पदवी माफ. मात्र बाकी सगळं हवं. दीड वर्षाचा अभ्यासक्रम, दोन हजार तासांचं देखरेखीखालचं काम, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, चारित्र्याचा दाखला, शिवाय सैनिकी जीवनाची ओळख असल्याचा पुरावा. या शेवटच्या अटीवर ती इतकी हसली की पाठीत चमक भरली. सवलतीची मुदत दोन वर्षांची. त्यानंतर कुणालाही पदवीवाचून प्रवेश नाही.

नियमाचा तिला राग आला नाही. कुणीही उठावं आणि दुसऱ्याच्या डोक्यात हात घालावा, असले उपटसुंभ तिनंही पाहिले होते. राग आला तो मोठ्या डॉक्टरांच्या चेहऱ्याचा.

"बाई, तुमचं वय एकोणपन्नास," ते म्हणाले होते.

"परिपत्रकात वयाची अट नाही. मी दोनदा वाचलं."

आणि तिनं केलं. वर्गात सगळ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुली. पहिल्या महिन्यात त्या तिला मावशी म्हणून जागा धरून देत, सहाव्या महिन्यात तिच्या वह्या उतरवून घेत. घरी अक्का पहाटे चहा करून समोर बसे आणि पुस्तकातून प्रश्न विचारी. अक्का एका शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाली होती आणि परीक्षा घ्यायची तिची हौस आयुष्यभर राहून गेली होती. लेखीत ड्रायव्हरबाई वर्गात तिसरी आली. दोन हजार तास पुरे झाले, प्रत्येक पानावर मोठ्या डॉक्टरांची सही झाली. अर्जाची बारा पानं तिनं स्वच्छ अक्षरात भरली आणि तेराव्या पानावर तिचं पेन थांबलं.

'अर्जदार स्वतः व्यसनाच्या आजारातून गेला असल्यास किमान सलग पाच वर्षं निर्व्यसनी असणं आवश्यक. शेवटच्या सेवनाची तारीख:'

पुढे कोरी चौकट. मुदत संपायला अकरा दिवस होते. तिनं चौकटीत दाढ काढल्याची तारीख लिहिली.

मोठ्या डॉक्टरांनी अर्ज चाळला आणि तेराव्या पानावर चष्मा कपाळावर चढवला.

"ही तारीख कुठली?"

"दाढेची."

"अहो, ते औषध होतं! दंतवैद्याची चिठ्ठी आहे. सहा लिहिल्या, सहा घेतल्या. कागद अगदी स्वच्छ आहे. त्याच्या आधीची तारीख घाला, सरळ नऊ वर्षं होतात."

"सहा गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. मी एका दुपारी घेतल्या."

"ते कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. हजेरीत बोलले होते, तेवढंच."

"मग झालं तर." डॉक्टरांनी अर्ज तिच्याकडे सरकवला. ते वाईट माणूस नव्हते. केंद्र त्यांनी रिकाम्या गोदामातून उभं केलं होतं, आणि सकाळचा हॉल कोण सांभाळतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "बाई, मुदत गेली तर चार वर्षांची पदवी. तेव्हा तुम्ही पंचावन्न-छप्पन्नच्या व्हाल. हॉलमध्ये एकवीस माणसं बसतात, त्यांचा तरी विचार करा."

"त्यांचाच करतेय," ती म्हणाली आणि अर्ज उचलून तसाच टपालात टाकून आली.

त्या एकविसांतला एक माणूस तिच्या डोक्यातून जात नव्हता. तोफखान्यातला होता, सगळे त्याला गनर म्हणत. येऊन थोडे दिवस झाले होते. हजेरीला तो उठायचा, ओठ हलवायचा आणि आवाज न काढता बसायचा. ड्रायव्हरबाईनं त्याला एकदाही टोकलं नव्हतं. पण अशी माणसं तिनं पाहिली होती. थोड्या दिवसांत एक तर बोलतात, नाहीतर आपली पिशवी घेऊन फाटकाबाहेर जातात. फाटकाला कुलूप नसायचं.

आणखी एक माणूस नवा होता. परवाना असलेला थेरपिस्ट, सत्तावीस वर्षांचा, महिन्याभरापूर्वी रुजू झालेला. आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव पदवीधर ठेवलं. पोरगा सभ्य होता, मेहनती होता. दुसऱ्या दिवशी त्यानं लवकर येऊन खुर्च्यांचा सुंदर गोल मांडला. माणसं आली, एकेकानं आपली खुर्ची उचलली आणि भिंतीला नेऊन लावली. पाच मिनिटांत हॉलच्या मधोमध पदवीधर एकटा उरला. त्यानं वहीत 'गटाचा असहकार' असं लिहिलं. मग ड्रायव्हरबाईनं त्याला बाजूला घेऊन दार दाखवलं आणि त्याची स्वतःची खुर्ची कुठे आहे ते दाखवलं. तो कानापर्यंत लाल झाला, पण वहीतलं वाक्य त्यानं तिच्यासमोर खोडलं. तेव्हापासून तो कोपऱ्यात बसून रोज सगळ्यांचे आकडे वहीत उतरवून घ्यायचा. लिहून ठेवायची पद्धत पूर्वी नव्हती; त्याच्या अभ्यासक्रमात होती.

अक्काला तेराव्या पानाची बातमी जेवताना कळली आणि तिनं ताट पुढे सारलं.

"खरं बोललीस म्हणून तुझा सत्कार करणार आहेत का ते?"

"नाही."

"पस्तीस वर्षं मी शाळेत जन्मतारखा लिहून घेतल्या. निम्म्यांच्या खोट्या होत्या. सगळी पोरं व्यवस्थित मोठी झाली! आणि तुझ्याकडे तर डॉक्टरची चिठ्ठी आहे."

"अक्का, तू माझ्या पर्समध्ये गोळ्या धरल्या होत्यास, आठवतं? पहिल्यांदा? मी काय म्हणाले होते?"

अक्कानं सारलेलं ताट परत जवळ ओढलं. तिला आठवत होतं.

"डॉक्टरनं लिहून दिल्यात, असं म्हणाले होते," ड्रायव्हरबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा पण तेच म्हणाले. चार वर्षं तेच म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी खरी होती. माझं सगळं वाटोळं खऱ्या चिठ्ठ्यांवर झालंय. आता परवानापण तसल्याच चिठ्ठीवर घेऊ?"

"मग बस घरी," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला राग येत होता. "दोन वर्षं पहाटे उठून मी तुझी प्रश्नोत्तरं घेतली ती कशाला?"

"पाठ करून घेतलंस ते सगळं येतंय मला. ते कुणी काढून घेत नाही."

मुदत संपायच्या आदल्या दिवशी समितीनं बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. अध्यक्षबाई मधे. त्यांच्या उजवीकडे एक चष्मेवाले सदस्य, पुढ्यात कॅल्क्युलेटर. डावीकडच्या सदस्यांना दुपारचं जेवण बाधलं असावं, त्यांची मान पुनःपुन्हा छातीवर उतरत होती.

तोंडी परीक्षा अर्धा तास चालली आणि ती चांगली झाली. कंप सुटलेल्या माणसाला कधी एकटं सोडायचं नाही, कुणाला ताबडतोब इस्पितळात हलवायचं, पाय तुटलेल्या माणसाच्या खऱ्या दुखण्याचं आणि गोळीच्या ओढीचं काय करायचं, सगळं तिनं सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला तर डावीकडचे सदस्यही जागे झाले.

मग अध्यक्षबाईंनी तेरावं पान उघडलं.

"इथे काहीतरी गफलत झालेली दिसते," त्या मवाळपणे म्हणाल्या. "केंद्रानं दंतवैद्याच्या चिठ्ठीची प्रत पाठवली आहे. हे तर औषध होतं."

प्रत मोठ्या डॉक्टरांनी पाठवली होती, तिला न विचारता. ड्रायव्हरबाईच्या मनात त्यांच्याबद्दल एकाच वेळी शिवी आणि माया दोन्ही आली.

"गफलत नाही. मी लिहिलंय ती तारीख बरोबर आहे."

"पण चिठ्ठीप्रमाणे—"

"दाढ माझी दुखत होती, चिठ्ठीची नाही. तीन दिवसांच्या गोळ्या मी एका बैठकीत घेतल्या, आणि दाढेसाठी नाही घेतल्या. हव्या होत्या म्हणून घेतल्या."

चष्मेवाल्यांची बोटं कॅल्क्युलेटरवर चालली. "अठ्ठावन्न दिवस कमी पडतात." ते थांबले. "नाही, मधे लीप वर्ष आलं. एकोणसाठ."

"तेवढाही दिवस सोडू नका," ड्रायव्हरबाई म्हणाली. डावीकडच्यांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे पाहा, तुमची तयारी उत्तम आहे. अशी माणसं आम्हाला मिळत नाहीत. चिठ्ठी समोर आहे, तुम्ही फक्त तारीख दुरुस्त करून बाजूला सही करा. तुम्ही एका दुपारचं एवढं का धरून बसलात, मला खरंच कळत नाही."

"आमच्याकडे एक माणूस आहे," ती म्हणाली. "सोळा दिवस झाले, रोज उभा राहतो आणि आकडा न सांगता बसतो. का बसतो? कारण खरा सांगायची लाज वाटते आणि खोटा सांगवत नाही. ज्या दिवशी तो तोंड उघडेल त्या दिवशी मी समोर असणार. मी इथे तुम्हाला खोटा आकडा देऊन जाऊ, आणि उद्या त्याच्याकडून खरा मागू? त्याला कळणार नाही, हे मान्य आहे. मला कळेल ना."

"मग नियमाप्रमाणे पाच वर्षं भरत नाहीत."

"नाहीत. नियम चांगला आहे. माझं म्हणणं एवढंच, की एकोणसाठ दिवस थांबा. मुदत तेवढी वाढवा."

"मुदत पुढे नेणं आमच्या हातात नाही."

"म्हणजे माझी तारीख मागे नेणं तुमच्या हातात आहे, आणि तुमची पुढे नेणं नाही. छान आहे."

भिंतीवरचं घड्याळ बिनदिक्कत पाच मिनिटं पुढे चालत होतं. मग अध्यक्षबाईंनी शिक्का उचलला आणि 'नामंजूर' असा उठवला. त्यांचाही चेहरा पडला होता. प्रत मिळाल्याची सही करायला त्यांनी कागद पुढे केला. खाली आधीच छापलेलं होतं: 'निर्णय मिळाला व मान्य आहे.' ड्रायव्हरबाईनं 'आहे'वर रेघ मारली, वर 'नाही' लिहिलं आणि सही केली.

केंद्रात मोठे डॉक्टर तिची वाट बघत होते. बातमी फोनवर आधीच पोचली होती. ते रागावलेले होते, थकलेले होते.

"उद्यापासून तुम्ही गट घ्यायचा नाही," ते म्हणाले. "तपासणी आली तर केंद्र बंद होईल. पदवीधर... म्हणजे तो मुलगा घेईल. तुमच्यासाठी भांडारात जागा आहे. चादरी, गाद्या, औषधांची नोंद. नको, औषधांची नको. चादरी."

"भांडार नको. मला दाखल करून घ्या."

"कुणाला?"

"मला. दिवसाची पेशंट म्हणून. सात ते दोन."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दाखल व्हायला काय लागतं, सांगू?" तिनं बोटं पुढे केली. "सैन्यातून सुटल्याचा दाखला. आहे. व्यसनाचा इतिहास. भरपूर आहे, तुमच्याच कपाटात आहे. स्वतःची संमती. ही घ्या. पदवी लागत नाही, तास लागत नाहीत, पाच वर्षंही लागत नाहीत. सगळ्या अटी पुऱ्या होतात असा हा एकच फॉर्म आहे माझ्यासाठी."

"बाई, ही चक्क पळवाट आहे."

"पळवाट तुम्ही काढली होती, दंतवैद्याची. ही पुढच्या दारानं आत यायची वाट आहे. 'कोणत्याही माजी सैनिकास, बरा झाल्यानंतरही, केव्हाही.' तुमचंच वाक्य आहे, दारावरच्या पाटीवर. पाटी उतरवणार असाल तर सांगा."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, परत वर नेला, आणि खणातून फॉर्म काढला.

घरी अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी सोडलं होतं, तिथेच परत?"

"हो. फक्त या वेळी दंड धरून न्यायला नको."

"सोबत येते फाटकापर्यंत."

"नको," ड्रायव्हरबाई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला. समितीसमोर ताठ राहिलेली पाठ आता दुखायला लागली होती, आणि हे तिनं अक्काला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वीस मिनिटं उशिरा पोचली. आठ वर्षांत पहिल्यांदाच. हॉलमध्ये सगळे आपापल्या भिंतीला बसले होते. हजेरी तिच्यासाठी अडवून धरली होती, आणि पदवीधर दाराकडे तोंड करून, वही मांडीवर घेऊन, घामाघूम झाला होता. ती तिच्या रोजच्या खुर्चीकडे गेली नाही. आचारी आणि गनर यांच्या मधली खुर्ची रिकामी होती, तिथे बसली.

"काय हो, बदली झाली का?" आचारी ओरडला.

"बढती," ती म्हणाली. "पेशंट झालेय."

हॉलमध्ये हसू झालं, पण थोडंच. बातमी सगळ्यांना होती. एकोणसाठ दिवसांचीही होती. असल्या बातम्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला वेळ लागत नाही. माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिच्यासाठी चिडलेली होती.

आकडे सुरू झाले. तिची पाळी आली तशी ती उठली. "एक हजार सातशे अडुसष्ट," ती म्हणाली आणि बसली.

पदवीधरानं आकडा लिहिला. मग त्यानं मान वर केली. नव्या पेशंटला विचारायचे प्रश्न त्याच्याकडे ठरलेले होते, आणि तो नेमानं वागणारा होता. त्याचे कान लाल झाले, पण त्यानं विचारलं, "घ्यायची इच्छा शेवटची कधी झाली होती?"

आचाऱ्यानं हवेत हात उडवला. "अहो साहेब, ड्रायव्हरबाईंना काय विचारता—"

"विचारू द्या," ती म्हणाली. "आज सकाळी झाली. म्हणून तर उशीर झाला. वाटेत औषधांचं दुकान लागतं, ते सातच्या आधी उघडतं. जुनी चिठ्ठी पर्समध्ये होती. गोळ्या तीन दिवसांच्या होत्या हे समितीला दाखवायला घेऊन गेले होते ना, मग काढायचीच राहिली. पायरीवर एक पाय ठेवून उभी होते मी. काल तिथे सगळ्यांना तोंडावर बोलून आले, वाटलं आपण काय मोठे वाघ मारले. आज वाटत होतं, जाऊ दे सगळं खड्ड्यात. सहा घेऊ आणि उन्हात बसू."

आचाऱ्यानं उडवलेला हात खाली घेतला.

"मग?" पदवीधरानं विचारलं. हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

"मग चिठ्ठी फाडली आणि इथे आले. दुसरीकडे कुठे जाणार? फाडतानासुद्धा पटकन फाडली नाही, हे पण लिहा."

"कुठलं दुकान?"

आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेला. गनर बोलला होता. बोलून गेल्यावर आपण काय विचारलं ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो गडबडला. मग अख्खा हॉल असा हसला की बाहेरचा झाडूवाला दारातून डोकावला. आचाऱ्यानं तर खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून घेतला. गनरही हसत होता, मान खाली घालून, खांदे हलवत.

"ते नाही सांगणार," ड्रायव्हरबाई डोळे पुसत म्हणाली. "पाळी तुमची आहे. सांगायचं असलं तर आकडा सांगा."

गनर उठला. हसू अजून त्याच्या चेहऱ्यावरून पुरतं गेलं नव्हतं. त्यानं हात पाठीमागे बांधले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तीन."

पदवीधराचं पेन थांबलं. त्यानं वहीची मागची पानं उलटली, बोटानं ओळी मोजल्या. "पण तुम्हाला येऊन तर सतरा दिवस—"

"साहेब," ड्रायव्हरबाई म्हणाली. तिचा आवाज वर चढला नव्हता, पण असा होता की हॉलमधल्या प्रत्येकानं पाठ सरळ केली. "ते म्हणाले तेच लिहा."

पदवीधरानं तिच्याकडे पाहिलं, मग अजून उभ्या असलेल्या गनरकडे पाहिलं. त्यानं मागची पानं मिटली आणि 'तीन' लिहिलं. गनर बसला. पुढचा उठला.